पाळणा बंद, तिकीट मात्र पूर्ण

उन्हाळ्याची सुट्टी संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवासातल्या तक्रारी वाढतात. या वेळी त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला: मनोरंजन उद्यानात पोहोचावे आणि ज्या राइडसाठी गेलो तीच देखभालीसाठी बंद असावी. म्हणून हे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही घरातले सात जण गर्दी टाळावी म्हणून मुद्दाम ऑगस्टमधल्या एका बुधवारी एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो. धाकट्या मुलाला गेल्या वर्षी दोन बोटे उंची कमी पडली म्हणून मोठ्या रोलर कोस्टरवरून परत पाठवले होते; या वर्षी तो उंचीच्या पट्टीपुढे ताठ उभा राहण्याच्या तयारीतच आला होता. आत गेल्यावर पाहिले तर ती राइड आणि आणखी तीन राइड पत्रे लावून बंद केलेल्या होत्या. तिकीट खिडकीवर तसा फलक नव्हता आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. विचारले तेव्हा तिकिटामागचा बारीक अक्षरांतला नियम दाखवण्यात आला. गर्दी टाळली ही आमची चूक झाली का? आणि याची काही दाद लागेल का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : चूक म्हणता येणार नाही, पण गर्दी टाळण्याची ही किंमत असते आणि ती फारसे कोणी आधी सांगत नाही. उद्यानाचे व्यवस्थापन राइड कधी बंद ठेवायची हे ठरवते तेव्हा तेही तुमच्याप्रमाणेच दिनदर्शिका उघडते आणि सगळ्यांत कमी लोक येतील असेच दिवस शोधते. युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बरीच उद्याने हिवाळ्यात काही महिने पूर्ण बंद असतात, त्यामुळे तिथली मोठी कामे पाहुण्यांच्या नजरेआड उरकतात. आपल्याकडची किंवा कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टोकियो इथली उद्याने बाराही महिने चालतात. तिथे एकेक राइड आळीपाळीने बंद करण्याला पर्याय नसतो. म्हणजे शाळांच्या सुट्ट्या सोडून, आठवड्याच्या मधल्या वारी, पावसाळ्यात जाणाऱ्याला रांगा छोट्या मिळतात आणि बंद राइड जास्त मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत बहुधा याच्या उलट असते. कमी गर्दी आणि सर्व राइड सुरू, हे दोन्ही एकाच दिवशी मिळाले तर तो योगच समजावा.

मुंबईकरांना हे मेगाब्लॉकच्या उदाहरणाने चटकन कळेल. रेल्वे रविवारी ब्लॉक घेते, कारण त्या दिवशी नोकरदारांची गर्दी नसते. पण ज्याला नेमके रविवारीच लग्नाला जायचे असते त्याला ते कारण सांगून उपयोग नसतो. तरीही मेगाब्लॉकवर आपण जितके चिडतो त्याच्या कितीतरी पट अधिक, अचानक झालेल्या सिग्नलच्या बिघाडावर चिडतो, कारण ब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलेले असते. तुमच्या तक्रारीचे मर्मही इथेच आहे. राइड बंद ठेवली याचा दोष उद्यानाला देता येणार नाही, उलट तशी ती ठेवलीच पाहिजे; दोष आहे तो माहीत असूनही पैसे घेण्याआधी न सांगण्याचा.

एक राइड बंद झाली की नुकसान फक्त त्या राइडच्या चाहत्यांचे होते असेही नाही. समजा, एका कोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, म्हणजे १,१२० माणसे झाली. आठ तासांच्या दिवसात ही जवळजवळ नऊ हजार आसने होतात. ती राइड बंद असली की ही माणसे घरी जात नाहीत, शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहतात, आणि ज्यांनी त्या कोस्टरकडे ढुंकूनही पाहिले नसते त्या आजी-आजोबांनाही साध्या आगगाडीसाठी जास्त थांबावे लागते. ‘अर्धी बंद’ राइडही असते, आणि ती फलकावर कधीच दिसत नाही. दोन गाड्यांपैकी एक कार्यशाळेत गेली की राइड कागदोपत्री सुरूच असते, पण गाडी दीड मिनिटाऐवजी तीन मिनिटांनी सुटते. मग पुढे ८४० माणसे असलेल्या रांगेत ४५ मिनिटे थांबायचे ते दीड तास थांबावे लागते. रांगेत उभे असताना एकच गाडी फिरताना दिसली, तर बाहेर पडायचे की नाही याचा विचार तिथेच करावा.

आता दाद मागण्याविषयी. ‘कोणतीही राइड पूर्वसूचनेविना बंद राहू शकते, परतावा मिळणार नाही’ अशा अर्थाचे कलम बहुतेक उद्यानांच्या तिकिटावर असते. वादळ, वीज, ऐनवेळचा बिघाड अशा गोष्टींसाठी ते रास्तही आहे. परंतु आठवडाभर आधी ठरवून पत्रे ठोकलेल्या राइडबद्दल खिडकीवर मौन बाळगायचे आणि नंतर त्या कलमाकडे बोट दाखवायचे, हे वेगळे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींबद्दल तक्रार करण्याची तरतूद आहे, आणि छापील नियम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आधी उद्यानाला लेखी कळवा. सोबत तिकीट, त्या दिवशीची छायाचित्रे आणि त्यांच्या संकेतस्थळावर किंवा जाहिरातीत त्या राइडचे चित्र असल्यास त्याची प्रत जोडा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. मात्र सातही तिकिटांचा पूर्ण परतावा मागण्यापेक्षा अंशतः परतावा किंवा पुन्हा एकदा प्रवेश मागितला तर प्रकरण पत्रव्यवहारातच मिटण्याची शक्यता जास्त, असे माझे मत आहे. बाकीच्या राइडवर तुम्ही बसलात, जेवलात, भिजलात, हेही समोरचा मांडणारच.

मुलाची उंची पुढच्या वेळेपर्यंत कमी होणार नाही, एवढे तरी समाधान आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काम केले. आमच्या गावच्या जत्रेत आकाशपाळणा एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि जत्रा संपली की तितक्याच वेळात ट्रकवर चढतो. मग या मोठ्या उद्यानांना एका राइडच्या दुरुस्तीला महिनेच्या महिने, कधी वर्षभर कसे लागते? हा पैसे वाचवायचा तर प्रकार नाही ना? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : तुम्ही जत्रेचे उदाहरण दिलेत ते बरे झाले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्यातच आहे. जत्रेतला पाळणा दर मुक्कामी सुटा होतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक पिन वर्षातून कितीतरी वेळा कोणाच्या ना कोणाच्या हाताखालून जाते. (पाहणारा हात जाणता असतोच असे नाही, हा भाग निराळा.) कायमच्या जागी पायात रोवलेला कोस्टर स्वतःहून कधीच सुटा होत नाही. तो मुद्दाम खोलला नाही तर त्याच्या आत काय चालले आहे ते कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका उद्यानाच्या कार्यशाळेत दुपारभर बसण्याचा योग मला आला होता. कोस्टरची एक गाडी पूर्ण सुटी करून मांडून ठेवलेली होती. अशा गाडीला तीन तऱ्हेची चाके असतात: रुळावरून धावणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून गाडीला उचलू न देणारी. या चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो आणि वेगाने, उष्णतेने तो झिजतो किंवा धातूपासून सुटू लागतो. मी एक चाक हातात घेऊन पाहिले. वरून ते नवे दिसत होते, पण कडेला नख लावल्यावर थराखाली केसाएवढी फट लागली. ते चाक बाद झाले.

त्यानंतर त्यांनी चाके धरणारा एक जोडभाग घासून-पुसून स्वच्छ केला, त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य फवारले आणि थोडा वेळ थांबून तो सगळा लाल रंग कापडाने पुसून काढला. मग वरून पांढरी पावडर फवारली. मिनिटा-दोन मिनिटांत त्या पांढऱ्यावर, वेल्डिंगच्या शिवणीलगत, कुंकवाची काडी ओढावी तशी एक बारीक लाल रेघ उमटली. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यात शिरलेला रंग असा बाहेर आला होता. तुम्ही कारखान्यात ही तपासणी नक्कीच पाहिली असेल. याखेरीज चुंबकीय कणांची आणि अल्ट्रासाउंडची तपासणी असते. गाडी दिवसाकाठी शेकडो वेळा त्याच वळणावर तोच ताण घेते, तेव्हा लोखंड थकते आणि थकव्याचा पहिला तडा बहुधा वेल्डिंगजवळ पडतो. रेघ उमटली की तो भाग दुरुस्त करायचा की नवा मागवायचा हे बनवणाऱ्या कंपनीला विचारावे लागते, आणि ती कंपनी स्वित्झर्लंडमध्ये असली तर सुटा भाग येईपर्यंत राइड पत्र्याआड राहते.

आपल्या हवेचाही यात हात आहे. पावसाळ्यात छपराखालची यंत्रकामे होतात, पण उंचावरच्या रुळाला आणि खांबांना रंग द्यायचा तर लोखंड कोरडे लागते. दमट पृष्ठभागावर लावलेला रंग वर्षभरात पोपडे धरतो. म्हणून तीच राइड जुलैत एका कामासाठी आणि नोव्हेंबरात दुसऱ्या कामासाठी बंद दिसली, तर त्यात दरवेळी ढिसाळपणाच असतो असे नाही.

वर्षभराची बंदी असते तेव्हा बहुधा रूळच बदललेला असतो. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली १९७९ ची बिग थंडर माउंटन रेलरोड ही राइड जानेवारी २०१३ ते मार्च २०१४ अशी चौदा महिने बंद होती आणि तिचा रूळ नवा टाकण्यात आला. फ्लोरिडातली तिची बहीण २०२५ च्या जानेवारीत अशीच वर्षाहून अधिक काळासाठी बंद केली गेली. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समधला १९९४ चा नेमेसिस कोस्टर नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि मार्च २०२४ मध्ये नवा रूळ घेऊन परतला. अशा कामात जुना सांगाडा उतरवणे, पाया तपासणे आणि नवे भाग क्रेनने जागेवर बसवणे इथपर्यंतचा वेळ सगळ्यांना समजतो. समजत नाही तो त्यानंतरचा. कोस्टरच्या रुळाचे रेल्वेसारखेच टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी आत सोडली जात नाही. ही सगळी नियंत्रणव्यवस्था, ब्रेक आणि आसनांचे दांडे नव्याने पारखावे लागतात. आधी रिकाम्या गाड्या, मग माणसांच्या वजनाचे पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्यांवर फेऱ्या होतात. ‘राइड फिरताना दिसते आणि तरी आम्हाला बसू देत नाहीत’ अशी तक्रार करणारी जी पत्रे येतात, ती बहुतेक या दिवसांतली असतात.

पैसे वाचवण्याच्या तुमच्या शंकेत तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. मंदीच्या दिवसांत कर्मचारी कमी करण्यासाठी एखादी राइड ‘देखभाली’च्या नावाखाली झाकून ठेवल्याचा संशय जगभरातले पाहुणे घेतात. ओळखायची एक ढोबळ खूण अशी की पत्र्याआडून हातोड्याचा, वेल्डिंगचा काही आवाज येतो का, आणि फलकावर पुन्हा सुरू होण्याची तारीख आहे का. दोन्ही नसेल तर शंका रास्त आहे. पण उलट बाजूही लक्षात ठेवावी. याच बिग थंडर माउंटनवर, डिस्नेलँडमध्ये, सप्टेंबर २००३ मध्ये गाडी घसरून एका तरुणाचा जीव गेला आणि सरकारी तपासात देखभालीच्या कामातल्या त्रुटींवर बोट ठेवले गेले. त्यामुळे मला बंद राइडपेक्षा वर्षानुवर्षे कधीच बंद न झालेल्या राइडची जास्त धास्ती वाटते.

प्रश्न : आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येत आहेत आणि त्यांना डिस्नेलँड दाखवायचे आहे. जानेवारीत न्यावे की ऑगस्टच्या शेवटी, यावरून घरात दोन तट पडले आहेत. कोणत्या वेळी राइड कमी बंद असतात? (एक वाचिका, सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : तुम्ही निवडलेल्या दोन्ही वेळांत काही ना काही बंद असण्याची शक्यता बरीच आहे! डिस्नेलँडमध्ये हाँटेड मॅन्शनला २००१ पासून आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ला १९९७ पासून सणासुदीचा साज चढवण्याची प्रथा आहे. साज चढवताना काही दिवस आणि नाताळ-नववर्षानंतर तो उतरवताना काही दिवस या राइड बंद असतात. हाँटेड मॅन्शनचे पहिले काम साधारण उन्हाळ्याच्या शेवटाकडे येते, ‘स्मॉल वर्ल्ड’चे शरद ऋतूत, आणि दोन्हींचे दुसरे काम जानेवारीत. शिवाय जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ मोठ्या देखभालीसाठीही वापरला जातो.

तरीही मी जानेवारीच्याच बाजूने मत देईन, कारण ऑगस्टच्या उन्हात रांगेत उभे राहणे वडीलधाऱ्यांना जड जाते आणि जानेवारीत रांगा छोट्या असतात. आई-बाबांना बहुधा कोस्टरवर बसायचेच नसेल. तेव्हा स्पेस माउंटन सुरू आहे की नाही यापेक्षा नावेच्या, आगगाडीच्या संथ राइड सुरू आहेत की नाहीत ते पाहा. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखेनुसार बंद राइडची यादी असते. ती दोनदा पाहावी: तिकीट काढण्याआधी, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात.

एक निरीक्षण जाता जाता नोंदवतो. मोठ्या वर्धापनदिनाच्या आधीची दोन-तीन वर्षे जपून जावे. डिस्नेलँडचे स्पेस माउंटन एप्रिल २००३ मध्ये बंद झाले ते थेट जुलै २००५ मध्ये, उद्यानाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर उघडले. पॅरिसच्या डिस्नेलँडमधली बिग थंडर माउंटन रौप्यमहोत्सवाआधी, २०१५ च्या अखेरीपासून वर्षभर बंद होती आणि तिथला राजवाडा २०२१ मध्ये, तिसाव्या वाढदिवसाआधी, परांचीआड गेला होता. घरात कार्य ठरले की आधी रंगारी येतात, त्यातलाच हा प्रकार. कार्य झाल्यावर गेलेल्या पाहुण्याला सगळे चकचकीत मिळते.

प्रश्न : यात्रा कंपनीच्या पत्रकात ज्या राइडचा मोठा फोटो होता ती परदेशातल्या उद्यानात बंद निघाली. कंपनी म्हणते, आम्ही फक्त प्रवेशाचे तिकीट देणार होतो, ते दिले. जबाबदारी कोणाची? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘प्रवेश तिकीट समाविष्ट’ एवढेच लेखी असेल तर कंपनीचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरू शकते. मात्र राइड दीर्घ काळ बंद असल्याचे जाहीर झालेले असताना तिचाच फोटो छापून आरक्षण घेतले असेल, तर ती दिशाभूल म्हणण्याला जागा आहे, आणि कंपनी इथली असल्याने तक्रार इथेच करता येते. नाशिकच्या पत्राला दिलेल्या उत्तरातली वाट तुम्हालाही लागू आहे. ते पत्रक जपून ठेवा.

हे किती काळ चालू शकते याचे उदाहरण मराठी पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवरचेच आहे. युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमधले बॅटलस्टार गॅलॅक्टिका हे एकमेकांसमोरून झेपावणारे जुळे कोस्टर जुलै २०१३ मध्ये बंद झाले आणि मे २०१५ मध्ये, चारऐवजी दोन आसनी गाड्या घेऊन पुन्हा सुरू झाले. म्हणजे मधल्या काळात मे महिन्याच्या सुट्टीचा एक अख्खा हंगाम पूर्णपणे कोरडा गेला. हाँगकाँग डिस्नेलँडचा राजवाडाही २०१८ च्या सुरुवातीपासून नोव्हेंबर २०२० पर्यंत बांधकामात होता. त्या काळात तिथे गेलेल्यांच्या अल्बममध्ये मागे क्रेन आहे. आरक्षण करताना कंपनीला एकच प्रश्न ईमेलने विचारावा: ‘आमच्या तारखेला कोणत्या राइड बंद असल्याचे उद्यानाने जाहीर केले आहे?’ उत्तर लेखी आले की पुढचे बरेच वाद आपोआप टळतात. टोकियो डिस्नेलँड अशी यादी कित्येक महिने आधी लावते. तिथले स्पेस माउंटन ३१ जुलै २०२४ ला बंद झाले, ते संपूर्ण नव्याने बांधून २०२७ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे, आणि हे बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून जाहीर होते.

प्रश्न : १९९० च्या दशकात फ्लोरिडात शिकायला असताना स्प्लॅश माउंटनवर मी आणि माझी पत्नी पहिल्यांदा एकत्र बसलो. आता मुलीला ते दाखवायचे होते, पण ‘नूतनीकरणा’नंतर ती राइडच राहिली नाही असे कळले. हे नूतनीकरण म्हणायचे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शब्दाबद्दलची तुमची नाराजी योग्य आहे, दुरुस्ती निराळी आणि रूपांतर निराळे. १९४६ च्या ज्या चित्रपटावर ती राइड बेतली होती त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका होत होती, आणि २०२० मध्ये ती बदलण्याचे जाहीर झाले. फ्लोरिडातली राइड जानेवारी २०२३ मध्ये बंद होऊन जून २०२४ मध्ये ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या नावाने उघडली, कॅलिफोर्नियातली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पाण्याचा मार्ग आणि शेवटची ती उंच घसरण मात्र जुनीच आहे. म्हणजे भिंतीवरची चित्रे बदलली असली तरी तुमची पत्नी जिथे किंचाळली असेल ती जागा शाबूत आहे, आणि मुलगीही तिथेच किंचाळेल.

जुन्याच रूपातली राइड पाहायची असेल तर टोकियोतले स्प्लॅश माउंटन मूळ कथेसह सुरू आहे. तिकीट काढण्याआधी त्याच्याही देखभालीच्या तारखा पाहून घ्या; पाण्यावरच्या राइडची टाकी रिकामी करून घासावीच लागते.